ट्रॅकिओस्टॉमीनंतर आत बसणारी श्वासनलिका: प्राणी-मॉडेल कसं उभारावं

मूल बरं झालेलं असतं. ज्या कारणासाठी ट्रॅकिओस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला छिद्र करून श्वासनलिकेत नळी घातली, ते कारण संपलेलं असतं. आता नळी काढायची म्हणून तिच्या तोंडावर टोपी लावून पाहतात, आणि थोड्याच वेळात मुलाची छाती आत ओढली जाऊ लागते, श्वासाला आवाज येतो, टोपी काढावी लागते. दुर्बीण घातली की कारण दिसतं: छिद्राच्या लगेच वरची, श्वासनलिकेची पुढच्या बाजूची भिंत आत झुकलेली आहे. परळ-दादरच्या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या ईएनटी विभागाला हे दृश्य नवं नाही. त्यामुळे कुणाला ना कुणाला यावर प्रबंध करावासा वाटतो आणि चर्चा थेट "प्राणी कोणता घ्यायचा?" इथून सुरू होते.

ती तिथून सुरू करू नका. आधी ठरवायचं ते मोजणार काय. या विषयावरची बरीच मॉडेल्स, म्हणजे आजाराची प्राण्यांत केलेली नक्कल, कोलॅप्सच्या नावाखाली प्रत्यक्षात स्टेनोसिस तयार करतात. स्टेनोसिसमध्ये व्रण आकसतो आणि नलिका कायमची अरुंद होते. श्वास घ्या, सोडा, व्यास तोच. कोलॅप्समध्ये नलिका विश्रांतीत बऱ्यापैकी उघडी असू शकते, पण भिंतीतली कूर्चा (मऊ हाड) कमकुवत झाल्यामुळे श्वास ओढताच ती बसते, भिजलेली कागदी स्ट्रॉ ओढल्यावर चपटी होते तशी. तेव्हा तुमचं माप हे हलत्या भिंतीचं, दाबासोबत बदलणाऱ्या क्षेत्रफळाचं असायला हवं. मेलेल्या प्राण्याच्या नलिकेचा फक्त व्यास मोजणार असाल, तर प्रबंधाच्या शीर्षकातून कोलॅप्स हा शब्द काढून टाका.

आधी यंत्रणा कागदावर मांडा

श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या इंग्रजी सी अक्षरासारख्या, मागून उघड्या. मागची बाजू पडद्यासारखी, स्नायूची. छिद्रातून आत जाऊन खाली वळणाऱ्या नळीचा बाक छिद्राच्या वरच्या कडीला मागे-आत ढकलत राहतो. तिथे जंतुसंसर्ग असतो, कूर्चेवरचं आवरण सुटलेलं असतं, त्यामुळे तिचा रक्तपुरवठा तुटतो. महिनोन्‌महिने हे चालतं. कडी मऊ होते, तुटते किंवा विरघळते. आतल्या बाजूने ग्रॅन्युलेशनही, म्हणजे जखमेवरचं मांसही, वाढतं. म्हणजे दोष पुढच्या भिंतीत असतो. जन्मजात ट्रॅकिओमलेशियात, म्हणजे श्वासनलिका मऊ असण्याच्या दुखण्यात, बहुतेकदा मागचा पडदा रुंद होऊन पुढे येतो. ते दुखणं वेगळं. हे दोन्ही एकाच मॉडेलमध्ये कोंबू नका.

दुसरी गोष्ट दाबाची. मानेतली श्वासनलिका छातीच्या बाहेर आहे, म्हणून ती श्वास आत घेताना बसते. छातीतली नलिका उलट, श्वास सोडताना आणि खोकताना बसते. छिद्राच्या वरचा भाग आत ओढला जातो तो वरच्या स्वरयंत्रातून हवा खेचताना आत ऋण दाब तयार होतो म्हणून. छिद्र उघडं असेल तर हवा तिथूनच आत जाते आणि वरच्या भागावर ताण येतच नाही. यातून प्रयोगाचे तीन नियम निघतात. माप घेताना प्राणी स्वतः श्वास घेत असला पाहिजे. छिद्र बंद असलं पाहिजे. आणि त्या भागात एंडोट्रॅकियल ट्यूब (तोंडातून श्वासनलिकेत घालतात ती नळी) नसली पाहिजे, कारण ट्यूब आतून आधार देते. व्हेंटिलेटरवर धन दाबाने फुगवलेल्या नलिकेत कोलॅप्स दिसत नाही, हे सांगायला खरं तर लागू नये.

बाळांमध्ये हा विषय एवढा जीवघेणा का, तेही आकड्यात लिहून ठेवा, तोंडी परीक्षेत विचारतात. चार मिलिमीटर व्यासाच्या नलिकेत सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली तर व्यास दोनवर येतो, क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी घटतं आणि संथ प्रवाह धरला तर अडथळा १६ पट होतो. तीच सूज मोठ्या माणसाला फारशी जाणवत नाही.

पहिले काही आठवडे: बकऱ्याची नलिका आणि पाण्याचा मॅनोमीटर

जिवंत प्राण्याला हात लावण्याआधी हे करा, आणि मन लावून करा. मुंबईत बकऱ्याची ताजी श्वासनलिका मिळणं अवघड नाही. देवनारचा कत्तलखाना आहे आणि जवळच्या खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर तो स्वरयंत्रासकट नरडं अख्खं ठेवतो. फक्त "मधे कापू नका" हे दोनदा सांगा. संस्थेची परवानगी आणि विल्हेवाटीची सोय मात्र आधी करून ठेवा.

नलिका सलाइनमध्ये, त्याच दिवशी वापरा. एका टोकाला रबरी बूच लावून त्यातून दोन नळ्या काढा: एक सिरिंजला, दुसरी पाण्याच्या यू-आकाराच्या मॅनोमीटरला (दाब मोजायच्या नळीला). दुसरं टोक पारदर्शक खिडकीने बंद करा, म्हणजे दुर्बीण बाहेरूनच आत पाहील आणि हवा गळणार नाही. आता दाब +२० सेंटिमीटर पाण्यापासून पाच-पाचच्या पायरीने खाली −४० पर्यंत न्या आणि प्रत्येक पायरीवर फोटो घ्या. इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात आतली कड आखून क्षेत्रफळ काढा. शून्य दाबाचं क्षेत्रफळ १०० धरून आलेख काढा. हा दाब-क्षेत्रफळाचा आलेख तुमच्या अख्ख्या कामाचा कणा आहे.

मग त्याच नलिकेची पुढची कूर्चा काढा: बाहेरून चीर घेऊन, आतलं अस्तर न फाडता, आधी एका कडीचा तुकडा, मग दोन, मग तीन. प्रत्येक वेळी आलेख पुन्हा काढा. किती कड्या गेल्यावर वक्र कोसळतो हे डोळ्यांनी दिसतं, आणि अस्तर न फाडता कूर्चा सोलायचा हातही याच टेबलावर बसतो. दुर्बिणीच्या चित्रात कडेचा भाग वाकडा दिसतो, म्हणून टोकापासून कडीपर्यंतचं अंतर दरवेळी तेच ठेवा. माहीत असलेल्या व्यासाचं प्लास्टिकचं कडं आत ठेवून एक फोटो घ्या. मोजपट्टी म्हणून तेच वापरा.

अशी सामग्री जोडायला अभियांत्रिकीतला मित्र शोधा. पवईला आयआयटीत वैद्यकीय उपकरणांवर काम करणारं बेटिक केंद्र आहे. दाबाचा सेन्सर आणि व्हिडिओ एकाच घड्याळावर आणणं त्यांच्यासारख्यांना तासाभराचं काम वाटतं. आपण ते सहा महिने हाताने करत बसतो.

प्राणी निवडताना

आता प्राणी. छोटा उंदीर (माउस) सोडून द्या. त्याच्या नलिकेचा व्यास जेमतेम एक-दीड मिलिमीटर, त्यात नळी ठेवून जगवणं व्यवहार्य नाही. पेशींचा किंवा जनुकांचा प्रश्न असेल तर तो उपयोगी, यांत्रिक प्रश्नाला नाही.

मुंबईतल्या प्रबंधासाठी बहुतेकांच्या वाट्याला न्यूझीलंड व्हाइट ससा येतो आणि ते ठीकच आहे. त्याच्या नलिकेचा आतला व्यास साधारण पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे तान्ह्या बाळाच्या जवळचा. वाढत्या वयाचा ससा घेतला तर कूर्चाही वाढती मिळते. पूर्ण वाढलेला चार किलोचा ससा घेऊन "मुलांसाठीचं मॉडेल" म्हणू नये. अडचणी: ससा नाकानेच श्वास घेतो, त्याचं स्वरयंत्र चटकन आवळतं, लांब दातांमागून ते दिसतही नाही. आणि नळीत कफाचा गठ्ठा बसून तो दगावतो. नळी ठेवून दीर्घकाळ जगवलेला ससा ही या कामातली सगळ्यात दुर्मीळ वस्तू आहे.

डुकराचं पिल्लू यांत्रिकदृष्ट्या फार चांगलं. मिशिगन विद्यापीठाच्या चमूने थ्री-डी प्रिंटरवर बनवलेला, शरीरात हळूहळू विरघळणारा पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा आधार २०१३ मध्ये जगापुढे आणला, त्याच्या चाचण्याही डुकरांमध्ये झाल्या होत्या. पण साध्या जातीचं डुक्कर सहा महिन्यांत दीड किलोवरून शंभरच्या आसपास जातं. नळी दर थोड्या दिवसांनी लहान पडते. मेंढी-बकरी शांत, मान लांब, हाताळायला सोपी; पण भूल देताना पोट फुगतं, रवंथ वर येतं. डुक्कर, मेंढी, बकरी तिघांतही उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागाची श्वासवाहिनी थेट श्वासनलिकेतून निघते. ट्यूब खोल गेली तर ती बंद होते आणि ऑक्सिजन का उतरतोय ते कळत नाही.

नळीचं मॉडेल की चाकूचं?

इथे थांबून विचार करा, कारण पुढचं सगळं यावर आहे. नळीच्या मॉडेलमध्ये ट्रॅकिओस्टॉमी करून नळी काही आठवडे ठेवायची आणि कूर्चा आपोआप बिघडू द्यायची. कारण शोधायचं असेल, म्हणजे चीर उभी की आडवी, नळी कडक की मऊ, संसर्गाचा वाटा किती, तर हेच हवं. मुलांमध्ये कूर्चेचा तुकडा न काढता उभी चीर घेऊन दोन्ही कडांना धरटाके (कडा ओढून धरायचे टाके) ठेवण्याची पद्धत रूढ आहे; तुलना करायची तर तिच्याशी करा.

चाकूच्या मॉडेलमध्ये कूर्चा अस्तराबाहेरून सोलून काढायची, नळी ठेवायचीच नाही. कोलॅप्स लगेच आणि प्रत्येक प्राण्यात जवळपास सारखा मिळतो. आधार देणारं उपकरण किंवा शस्त्रक्रिया तपासायची असेल तर हे पुरेसं आहे आणि प्राण्यांचे हालही कमी होतात. तीन वर्षांच्या एमएसच्या प्रबंधाला मी दुसराच मार्ग सुचवेन. पहिला मार्ग ज्यांच्याकडे रात्री सक्शन करणारी माणसं आहेत त्यांच्यासाठी.

परवानगी

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे प्रयोगांविषयीचे नियम हा आधार. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या ज्या केंद्रीय समितीला आपण सवयीने सीपीसीएसईए म्हणतो तिचं नाव आता सीसीएसईए आहे. सशांपर्यंतच्या लहान प्राण्यांचा प्रस्ताव संस्थेची प्राणी नैतिकता समिती, म्हणजे आयएईसी, मंजूर करू शकते. डुक्कर, मेंढी, कुत्रा यांसाठी तिची शिफारस घेऊन केंद्रीय समितीकडे जावं लागतं. त्यात वेळ जातो. नुसत्या या कारणासाठी अनेक जण सशावर थांबतात, आणि वेळापत्रक बघता ते समजण्यासारखं आहे.

फॉर्म बी, म्हणजे परवानगीचा अर्ज, भरताना प्राण्यांची संख्या हाच वादाचा मुद्दा असतो. आधीचा कुठलाच विदा नसेल तर रिसोर्स इक्वेशन वापरतात: एकूण प्राणी वजा एकूण गट हा आकडा १० ते २० च्या दरम्यान हवा. पाच-पाच सशांचे चार गट केले तर २० वजा ४, म्हणजे १६, बसतं. गट असे ठेवा: काहीच न केलेला, चीर घेऊन त्याच वेळी शिवलेला, कोलॅप्स केलेला, कोलॅप्स अधिक उपचार. दुसरा गट वगळायचा मोह होतो, पण नुसत्या चिरेचा परिणाम आणि कूर्चा काढण्याचा परिणाम वेगळे करणारा तोच गट आहे. मधेच दगावणाऱ्यांसाठी वाढीव संख्या लागणार असेल तर ती आधीच, कारणासकट मागा. प्राणी कधी वेदनेतून सोडवायचा याचे निकषही याच फॉर्मवर लिहा: वजन २० टक्के घटलं, श्वासाला सतत कष्ट पडतात, ओठ-कान निळसर झाले, चोवीस तास खाल्लं नाही. मध्यरात्री निर्णय घ्यायची वेळ आली की लिहिलेलं वाचायचं, चर्चा करायची नाही.

ससे नोंदणीकृत पैदास केंद्रातूनच येतात. क्रॉफर्ड मार्केटमधून आणून चालत नाही. कायद्याने नाही आणि विज्ञानानेही नाही. बाजारातल्या सशांत पाश्चुरेला या जंतूचा संसर्ग सर्रास असतो, नाक वाहत असतं, आणि आपण अभ्यास करतोय नेमका श्वसनमार्गाचा. आल्यावर निदान आठवडाभर त्यांना नव्या जागेला रुळू द्या, शिंका येणारा ससा घेऊ नका.

वेळापत्रक ठरवताना पावसाकडे पाहा. हिंदमाताला पाणी भरलं आणि लोकल थांबल्या की तुमचा सहायक येणार नाही, तुम्हीही पोचणार नाही. शस्त्रक्रियेनंतरचा नाजूक आठवडा जुलैत टाकू नका. ससा उष्णता सोसत नाही. त्याला १६ ते २२ अंश लागतात, त्यामुळे एसी जनरेटरवर आहे का हे अ‍ॅनिमल हाऊसच्या डॉक्टरांना तोंडी न विचारता स्वतः मेन स्विच बंद करवून पाहा.

भूल आणि शस्त्रक्रिया

सशाला उपाशी ठेवू नका. त्याला उलटी होत नाही, आणि रिकामं आतडं थांबलं की तो त्यानेच मरतो. सर्रास वापरली जाणारी भूल म्हणजे केटामाइन ३५ आणि झायलाझिन ५ मिलिग्रॅम दर किलोला, स्नायूत. मात्रा पशुवैद्यकाने ठरवायची. लाळ-कफ कमी करायला अ‍ॅट्रोपिन देतात, पण अनेक सशांच्या रक्तात ते मोडणारं विकर असतं, म्हणून ग्लायकोपायरोलेट घ्या. चिरेची जागा बधिर करायला लिग्नोकेन, नंतर वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेलॉक्सिकॅम. मेलॉक्सिकॅम दाह कमी करतं, म्हणून ते सगळ्या गटांना सारखंच द्या.

प्रतिजैविकाचा मुद्दा बारीक आहे आणि हमखास निसटतो. तोंडावाटे अ‍ॅम्पिसिलिन किंवा क्लिंडामायसिन दिलं तर सशाच्या आतड्यातले जंतू बिघडून तो दगावतो. म्हणून सगळे एन्रोफ्लॉक्सासिनकडे वळतात. पण ते ज्या गटातलं आहे तो फ्लुरोक्विनोलोनचा गट वाढत्या प्राण्यांच्या कूर्चेला इजा करतो, आणि तुमचा अभ्यासच वाढत्या कूर्चेचा आहे. ट्रायमेथोप्रिम-सल्फाचा विचार करा, पशुवैद्यकाशी बोला, आणि जे ठरेल ते नोंदवा.

ससा उताणा, मानेखाली छोटी गुंडाळी. मध्यरेषेवर चीर, स्नायू बाजूला, क्रिकॉइड (स्वरयंत्राच्या तळाची कूर्चेची कडी) बोटाने ओळखा आणि तिथून कड्या मोजा. प्रत्येक प्राण्यात त्याच क्रमांकाच्या कड्या. कूर्चा सोलताना सलाइन अस्तराबाहेर टोचलं की थर सुटतो. अस्तर फाटलं तर तो प्राणी वेगळा नोंदवा. बरा झाल्यावर तिथे व्रण येतो आणि तुम्ही पुन्हा स्टेनोसिसकडे घसरता. काढलेल्या भागाच्या वर आणि खाली वेगवेगळ्या रंगाचे न विरघळणारे टाके ठेवा. शेवटी नलिका हातात आली की वर-खाली तेच सांगतात.

नळी ठेवणार असाल तर खोक्यावर ठळक छापलेल्या आतल्या व्यासावर जाऊ नका, बाहेरचा व्यास पाहा. नळीचं वळण बाळाच्या मानेसाठी असतं, सशाच्या नव्हे. टोक खाली भिंतीला टेकून दुसरीच जखम करतं. आधी एका मृत सशात घालून टोक कुठे पडतं ते बघा. सक्शनची खोली नळीच्या लांबीएवढीच, काही सेकंदच, हवा दमट. रात्रीची पाळी कागदावर नावासकट हवी. आणि गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालू नका: ससा स्वतःच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो, कॉलरने ते बंद होतं आणि पचन बिघडतं. मऊ जाकीट शिवून घ्या.

माप

ठरलेल्या दिवशी हलकी भूल, ससा स्वतः श्वास घेतोय, छिद्र असल्यास हवाबंद झाकलेलं. २.७ मिलिमीटरची दुर्बीण ५.४ मिलिमीटरच्या नलिकेत घातली की पाव जागा तीच व्यापते आणि श्वासाचं गणित बदलतं. म्हणून मिळाली तर दोन मिलिमीटरच्या आतली घ्या, आणि कुठलीही असो, सगळ्या गटांना तीच. भूल खोल झाली की श्वासाची ओढ कमी होते आणि कोलॅप्स सौम्य दिसतो. तेव्हा श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन व्हिडिओच्या पडद्यावरच यायला हवेत. सलग दहा श्वास रेकॉर्ड करा. प्रत्येकात सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान क्षेत्रफळ काढून टक्केवारी मांडा. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. फाइलींना नावं दुसऱ्याने द्यावीत.

मायर-कॉटन श्रेणी इथे लावू नका. ती स्थिर स्टेनोसिससाठी आहे. ग्रॅन्युलेशन किती ते वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर गाठीने अडलेली नलिका कोलॅप्स म्हणून मोजली जाते.

नंतर भुलेच्या अतिमात्रेने वेदनारहित मृत्यू, नलिका काढून लगेच, फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी, टेबलावरचा तोच दाब-क्षेत्रफळ आलेख. फॉर्मॅलिनमध्ये पडलेली नलिका कडक होते, मग आलेखाला अर्थ नाही. त्यानंतर आडवे छेद: एक बिघडलेल्या कडीतून, एक तिच्या वरच्या निरोगी कडीतून, जी त्याच प्राण्यातली तुलना ठरते. छेदांना द्यायचे रंग: हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, तंतूंसाठी मॅसन ट्रायक्रोम, कूर्चेच्या गाभ्यासाठी सॅफ्रॅनिन-ओ. जिवंतपणीची टक्केवारी, टेबलावरचा आलेख आणि सॅफ्रॅनिनचा रंग हे तिन्ही एका दिशेने गेले तर मॉडेल उभं राहिलं. रंग उतरलाय पण नलिका बसत नाही, असंही होतं. तेही निकालच आहे.

लिहिताना प्राण्यांवरचे प्रयोग कसे मांडावेत हे सांगणारी २०२० ची अराइव्ह मार्गदर्शक यादी समोर ठेवा. दगावलेले ससे तक्त्यात दिवस आणि कारणासकट द्या. कफ अडकून गेलेला, वजन घटल्यामुळे सोडवलेला आणि भुलेत गेलेला हे तीन वेगळे रकाने. मर्यादांमध्ये मान आडवी असलेला चार पायांचा प्राणी, आठवड्यांत मोजलेला काळ आणि मुलांमध्ये महिने-वर्षं राहणारी नळी हा फरक स्पष्ट लिहा. चाकूचं मॉडेल वापरलं असेल तर कूर्चा का बिघडते याबद्दल निष्कर्षात एक वाक्यही टाकू नका. तुमच्या प्रयोगाने तो प्रश्न विचारलेलाच नाही.